पाय टेकला तर सायकल तुमची!

“मामाजी, उखळघाट म्हंजे काय चीज हाय माह्यासमोर? पुढच्या दिवाळीले तुमच्या दारातून तुमची पोरगी सायकलवर बसवीन अन् सीधा माह्या दारात उतरवीन! मधात कुठी पाय टेकला, तर सायकल तुमची!”

मोहटोल्याचा लटारू हे बोलला तेव्हा सासुरवाडीची मंडई ऐन रंगात होती. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. लेकी येतात, जावई येतात, शेव-चिवड्याची दुकानं लागतात, रात्री नाटक असतं. म्हणजे लटारूचा शब्द एकट्या सासऱ्यानं नाही, आजूबाजूच्या साऱ्या गावांनी ऐकला. मंडईत सुटलेला बैल एक वेळ सापडतो, सुटलेला शब्द नाही!

आता माणूस उगाच असं बोलतो का? त्याला कोणी तरी टोचावं लागतं. चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि आमच्या पोंभुर्ण्याकडच्या रानात सायकल म्हणजे मोठीच गोष्ट होती. लटारूला ती लग्नात आंदण मिळालेली. काळी, उंच, दणकट! तो तिला खोबरेल तेलानं पुसायचा. बायकोच्या केसांना तेल कमी पडलं तरी चालेल, सायकलच्या दांडीला कमी पडता कामा नये! पण त्याचं गाव आणि सासुरवाडी यांच्या मधोमध होता उखळघाट. नावावरूनच समजून घ्या, जो जाईल तो कांडून निघे. लटारू दर वेळी घाटाच्या पायथ्याशी उतरायचा, सायकल हाती धरायचा आणि धापा टाकत चालायचा. मागून डोक्यावर गाठोडं घेऊन त्याची बायको कुंता.

त्या मंडईत हेच निघालं. धाकटा जावई शालिकराम वडशाला रेल्वेत खलाशी होता. तो सगळ्यांदेखत म्हणाला, “साडूभाऊ, तुमची सायकल लय गरीब हाय हो! दावं नाई, वेसण नाई, तरी मुकाट्यानं संगं चालत येते!”

जो तो हसला. कुंताच्या मैत्रिणी तर पदर तोंडात घालून हसल्या. कुंताचं तोंड लाल झालं. ते पाहून लटारूचं डोकं फिरलं आणि वरचं वाक्य त्याच्या तोंडून निघालं.

सासरे गुणवंतराव मिशीवर बोट फिरवत म्हणाले, “जवाईबापू, इचार करून बोला.”

“केला इचार!”

“केव्हा केला बाप्पा? आता तर बोललात!”

“आमच्या घरी इचार फटकन होते, मामाजी!”

“मंग ठरलं,” शालिकराम लगेच पुढे सरकला. “मामाजी, ते सायकल मले देजा. माह्याकडे ओसरी खाली पडून हाय, अन् वडशाले घाटबीट काही नाई.”

परत येताना लटारू सायकल हाती धरून घाट चढत होता. मागून कुंता म्हणाली, “अजी, काऊन बोललात असं?”

“तू फक्त पाह्यत राय!”

“पाह्यतच तर आली ना मी आतापावतर! पायी-पायी!” मग थोडं थांबून ती म्हणाली, “पण आता बोललात तर करूनच दाखवा. आपली सायकल शालिकरामभाऊच्या ओसरीत उभी राह्यली, तर मी त्याच्या घरचं पाणी पेणार नाई!”

झालं! बायकोनं असं म्हटल्यावर मर्द गडी कुठे थांबतो? दुसऱ्या दिवशी सकाळीच लटारू दसरू लोहाराच्या भात्यापुढे जाऊन बसला.

“दसरूभाऊ, घाट चढणारी सायकल पायजे.”

“मी काय सायकल घडवतो का रे? मी फाळ घडवतो.”

“सायकल हाय. तिले जोर पायजे.”

दसरूनं भाता थांबवला. तो आमच्या गावातला फार विचारी माणूस. विचार चुकायचा, ती गोष्ट वेगळी. त्यानं सायकलीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, “मले एक सांग. चिखलात कोणती बंडी निंगते? लहान चाकाची का मोठ्या चाकाची?”

“मोठ्या चाकाची!”

“मंग इथी काय वेगळं हाय? हे जे पायडलजवळचं दातेरी चक्कर हाय ना, हे लहान हाय. मोठं करू. जितलं मोठं चक्कर, तितला मोठा जोर!”

लटारूला हे इतकं पटलं की त्यानं दसरूच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. साऱ्या गावाचं ज्ञान बंडीवर चालतं, तर सायकलवर का चालू नये? दसरूनं जुन्या नांगराचं आणि कढईचं लोखंड ठोकून ठोकून एक चक्कर घडवलं. परातीएवढं! त्याला कानशीनं दाते पाडले. दोन साखळ्या जोडून एक केली. मोठ्या थाटात ते चक्कर पायडलला बसवलं आणि अर्धा गाव तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या उंच बांधाखाली, जमला.

लटारूनं टांग मारली. पायडल दाबलं. पायडल हललं नाही. तो पायडलवर उभा राहिला. तरी हललं नाही. त्यानं दात-ओठ खाल्ले, हांडल उपसून काढायचं बाकी ठेवलं, आणि सायकल एका अंगाला शांतपणे आडवी झाली. लटारू तिच्याखाली!

“जोर लय झाला,” दसरू म्हणाला.

“जोर लय झाला म्हंजे? जागचं हालत नाई न बे!”

“तेच म्हंतो. सायकलचा जोर तुह्या जोरापेक्षा लय झाला.”

लटारूला इतका संताप आला की त्यानं ते चक्कर काढून तलावात फेकायला उचललं. पण दसरूचा आपल्या लोखंडावर जीव जडलेला. “थांब थांब! पुढं नाई जमलं तर मागं लावून पाहू. बंडीचा एक बैल डाव्या अंगाले चालत नाई, तर आपण उजव्या अंगाले जुपून पाह्यतोच ना?”

पुढं जुनंच चक्कर परत बसवलं, मागच्या चाकाची लहानशी चकरी काढली आणि तिच्या जागी ती परात रिपीट मारून पक्की ठोकली. लटारू बसला. पायडल दाबलं आणि काय सांगू! सायकल पाळीवर चढायला लागली! पाय हवेत फिरवावा तसा फिरत होता. एक बोट लावलं तरी पायडल फिरावं! फक्त एक होतं. पाय भराभर फिरत होते आणि सायकल मुंगीच्या चालीनं सरकत होती. पोचू ढिवर डोक्यावर जाळं घेऊन मागून आला, लटारूच्या पुढे गेला, वर जाऊन चिलीम भरली, ओढली, आणि तेव्हा कुठे लटारू वर पोचला.

“चढला! चढला!” लटारू ओरडला.

“चढला खरा,” पोचू म्हणाला, “पण पायी लवकर येतं माणूस.”

“शर्यत लवकरची नाई, पोचूभाऊ! शर्यत पाय न टेकण्याची हाय!”

बरोबर होतं ते. मग सराव सुरू झाला. कुंताच्या जागी मागे धानाचं पोतं बांधायचं आणि पाळ चढायची. वर पोचलं की सायकल हाती धरून खाली यायची आणि पुन्हा चढायचं. दसरूनं एकदा विचारलं, “लटारू, उतराचा सराव?” लटारू हसला. “उतराचा सराव कोण करते गा? उतरणं तर गोट्यालेही येते!”

सारा पावसाळा हेच. रोवणीचा चिखल संपला की गडी पाळीवर हजर! सकाळी वाटीभर तूप, दुपारी मोहाच्या फुलांचे लाडू, संध्याकाळी मांड्यांना करडीच्या तेलाची मालिश. त्याच्या आईला, धुरपताबाईला, वाटलं पोराला बाहेरचं लागलं. ती रोज पाळीवर येऊन त्याच्यावरून मीठ-मिरची ओवाळायची. “अरे, धान बाजारात नेतेत का पाळीवर नेतेत? एकच पोतं रोज वर नेतो, रोज खाली आणतो! कुणी करणी केली रे माह्या लेकराले!”

“माय, मी पैलवानी करून राह्यलो!”

“पोत्याशी?”

तूप खाऊनही समाधान होईना, तेव्हा लटारूनं सायकलचं वजन उतरवायला घेतलं. मडगार्ड काढलं. घंटी काढली. स्टँड काढलं. शेवटी ब्रेकला हात घातला.

“हे कायले काढतो?” दसरूनं विचारलं.

“चढावर ब्रेक कायले लागते? चढावर थांबायचं असलं तर डोंगरच थांबवते!”

दसरूलाही हे पटलं. दोघंही मोठे विचारी!

दिवाळी आली. कुंता आधीच माहेरी गेलेली. भाऊबीज झाल्यावर लटारू निघाला, तो बांबूच्या ट्रकवर बसून! सायकल बांबूंवर आडवी बांधली आणि चक्करावर गोणपाट गुंडाळलं. पोचूनं विचारलं, “काऊन रे, सायकलनं नाई जात?” तर म्हणतो, “कुस्तीच्या आदल्या दिवशी पैलवान लाकडं फोडत नाई!” म्हणजे त्या सायकलनं अजून एकही उतार पाहिला नव्हता, हे तुम्ही ध्यानात ठेवा. लटारूच्या ते ध्यानात नव्हतं.

मंडई पार पडली आणि पाठवणीचा दिवस उगवला. गुणवंतरावांच्या दारी ही गर्दी! शालिकराम तर सायकल न्यायला दोर घेऊनच आलेला. लटारूनं गोणपाट सोडलं. परात पाहून पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले.

“हे काय हाय, साडूभाऊ? वऱ्हाडासाठी पोळ्या भाजाचा तवा?”

“आज तुह्या आशेची पोळी भाजतो, पाह्य!” लटारू गुरगुरला. “कुंते, बस!”

कुंता लुगडं सावरून मागे बसली. गुणवंतरावांनी अट पुन्हा सगळ्यांना ऐकवली. माझ्या दारापासून जावयाच्या दारापर्यंत, जमिनीला पाय टेकला की संपलं. निम्म्या वाटेपर्यंत ते स्वतः सोबत चालून जातीनं लक्ष ठेवणार होते, आणि मागून बंडीत सासूबाई भागीरथाबाई येणार होत्या, लेकीला सासरी पोचवायला. सायकल हलली. घाट सुरू झाला.

आणि इथे एक गोष्ट लटारूनं धरलीच नव्हती. आमच्याकडे लेक सासरी निघाली की बायका गळ्यात पडून रडतात. गाडी असली तर बैल चालायला लागले की रडणं आटोपतं, कारण बैलांमागे कोण धावणार? पण लटारूची सायकल चालत होती माणसाच्याही सावकाश! बायकांना धावायची गरजच नव्हती. साऱ्या आयाबाया कुंताच्या दोन्ही अंगांनी आरामात चालत, तिच्या गळ्यात पडत, सूर लावून रडत घाट चढायला लागल्या.

“कुंते माय वं! कदी भेटशीन वं!”

“मामी, गळा सोडा! सायकल डोलून राह्यली!”

धानाचं पोतं कधी रडलं नव्हतं. धानाच्या पोत्याच्या गळ्यातही कधी कोणी पडलं नव्हतं! सायकल साप चालावा तशी चालत होती. त्यात जिला जे आठवलं ते तिनं आणून कुंताच्या ओटीत घातलं. कोणी पोहे, कोणी मुरमुरे, कोणी लाखोळीची डाळ. एका आत्यानं तर अख्खा कोहळा ठेवला!

“कोहळा नको, आत्याबाई!” लटारू पुढून ओरडला.

“का नको? लेकीले खाली हातानं धाडू का?”

“बंडीत टाका ना!”

“बंडीत टाकलं तं ओटी कशी होईन?”

थांबून वाद घालायची सोय नव्हती. थांबला की पाय टेकला! लटारूच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. पोटऱ्या पेटल्या होत्या. बाजूनं गुणवंतराव काठी टेकत चालत होते, आणि अगदी मायेनं बोलत होते. “जवाईबापू, धान कसं हाय यंदा?”

“ब... बरं हाय!”

“गादमाशी नाई ना लागली?”

“ना... नाई!”

“दम लागला असन तर थांबा घडीभर. पाणी प्या.”

“थांबत... नसतो मी!” लटारू ओरडला आणि त्या रागानं सायकल हातभर पुढे सरकली.

मधल्या वळणावर चढ असा उभा होता की तिथे बैलही गुडघे टेकतात. सायकल थबकली. डावीकडे कलली. शालिकरामनं दोर हातात घेतला. तेवढ्यात कुंता मागून लटारूच्या कानात म्हणाली, “अजी, वडशाची ओसरी आठवा!”

लटारूला ओसरी आठवली, ओसरीतली सायकल आठवली, शालिकरामचे दात आठवले. त्यानं असं पायडल मारलं की साखळी किंचाळली, पण सायकल वळण चढली! बायका रडणं सोडून “चढली वं माय!” म्हणून ओरडल्या. माथ्यावर गावाची शीव होती. रीतीप्रमाणे बायका तिथे थांबल्या. शालिकराम दगडावर बसून दोराच्या गाठी सोडत बसला. आणि गुणवंतरावांनी, काय सांगू, डोक्याचं पागोटं काढून हवेत उडवलं!

“जितले! माहे जवाईबापू जितले!”

लटारूचे डोळे भरून आले. त्यानं मान वळवून कुंताकडे पाहिलं. कुंता हसत होती, आणि गालावरून पाणी वाहत होतं. त्या घडीला मोहटोल्याच्या लटारूएवढा मोठा माणूस साऱ्या चांदा जिल्ह्यात नव्हता.

मग सायकलनं नाक खाली केलं.

एरवी सायकलचं पायडल थांबवलं तरी चाक आपलं आपलं फिरत राहतं. दसरूनं ती सोय रिपीट मारून बंद केलेली. आता जितकं चाक फिरेल तितकं पायडल फिरणार, आणि ते इतकं फिरायला लागलं की लटारूचे पाय कुठे आहेत ते त्याचं त्याला दिसेना! त्यानं ब्रेक दाबायला बोटं वळवली. बोटं हवा दाबून परत आली.

“अजी, हळू!”

“हळूच चालवून राह्यलो!”

“मंग झाडं काऊन पळून राह्यली?”

लटारूनं दोन्ही पाय उचलून हांडलवर ठेवले. एका वळणावर मुरमुरे उडाले, दुसऱ्यावर पोहे. कोहळा सुटला आणि सायकलच्या पुढे धावायला लागला! पायथ्याशी रस्ता वळत होता. सायकल वळली नाही. ती सरळ पाळीवर चढली, तीच पाळ, जिच्यावर सारा पावसाळा सराव झाला होता, आणि पलीकडे तलावात गेली. आधी कोहळा, मग सायकल, मग दोघं!

पोचू ढिवर डोंग्यात बसून जाळं टाकत होता. त्यानं पहिलं कुंताला ओढून घेतलं. लटारू डोंग्याच्या काठाला लोंबकळला. “पाय खाली सोड,” पोचू म्हणाला, “इथी छातीएवढंच पाणी हाय.”

“नाई सोडत! पाय टेकला तर सायकल जाते!”

“अरे, सायकल गेली ना तळाशी!”

“गेली तरी माही हाय! मले उचल! माह्या दारापावतर उचलून नेलं पायजे!”

पोचूनं पुष्कळ समजावलं. पण लटारूनं पाय पोटाशी घेतले ते घेतलेच. शेवटी काठावरच्या बाकी ढिवरांनी दोन बांबूंना जाळं बांधून झोळी केली, त्यात लटारूला निजवला आणि चौघांनी खांद्यावर घेतला. गडी थंडीनं कुडकुडत होता म्हणून पोचूनं आपलं काठावर वाळत टाकलेलं पांढरं धोतर त्याच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत पांघरलं. मागून ओलीचिंब कुंता, केस मोकळे, संतापानं रडत. तेवढ्यात गुणवंतराव आणि भागीरथाबाई बंडी पळवत येऊन पोचले. भागीरथाबाईंचं तर शिवेपासूनचं रडणं अजून संपलं नव्हतं, त्यांना आता नवा जोर आला. अशी ही मंडळी लटारूच्या घराकडे निघाली.

आता धुरपताबाईच्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता? ती अंगण सारवत होती. तिनं मान वर केली. चार खांदे, दोन बांबू, पांढरं कापड, मागून मोकळ्या केसांची सून आणि रडणारी विहीण! तिच्या हातातलं शेण गळलं.

“अवं माय वं! माहा लटारू वं!” तिनं अशी किंकाळी फोडली की पोचूच्या माणसांनी जागीच पाय रोवले. म्हातारी छाती बडवत सारवलेल्या अंगणात कोसळली.

“माय!” झोळीतून आवाज आला. पांढरं कापड उडालं. “माय, मी जित्ता हाय! माय!” आणि लटारूनं झोळीतून उडी घेतली, धावत गेला, आईचं डोकं मांडीवर घेतलं.

धुरपताबाईनं डोळे उघडले, पोराच्या तोंडावरून शेणाचा हात फिरवला. तिच्या जिवात जीव आला. लटारूनं वर पाहिलं. समोर त्याच्या घराचं दार होतं. आणि त्याच्या मागे होतं ओलं सारवण, त्यावर त्याच्या पायांचे ठसे. एक उजवा, एक डावा, एक उजवा!

गुणवंतराव खाकरले. त्यांना बोलायचं नव्हतं, पण शब्द तो शब्द. “जवाईबापू... टेकला.”

लटारूनं मान खाली घातली. सारा पावसाळा, सारं तूप, सारा घाट त्याच्या डोळ्यांपुढून गेला. तेवढ्यात कुंता पुढे आली. लुगड्यातून पाणी गळत होतं, केसांत शेवाळ होतं, पण ती कमरेवर हात ठेवून बापापुढे अशी उभी राहिली की गुणवंतरावच एक पाऊल मागे सरकले.

“हाव बाबा, टेकला! मायसाठी टेकला! शर्यत तुमची, सायकल तुमची. तलावात हाय, मधोमध. काढा अन् घेऊन जा वडशाले!”

गुणवंतरावांनी तलावाकडे पाहिलं. पोचूकडे पाहिलं. पोचूनं मान हलवली. “गाळ लय हाय, पाटील. उन्हाळ्यात पाणी आटलं तर पाहू.”

“आंदण दिलेलं आम्ही वापस नेत नसतो,” गुणवंतराव घाईनं म्हणाले आणि पागोटं सारखं करत बंडीत जाऊन बसले.

लटारू तसाच बसून होता. “कुंते,” तो हळूच म्हणाला, “म्हंजे मी हारलो का जितलो?”

“ते मंग पाहू,” कुंता म्हणाली. “पहिले घरात चला, कपडे बदला. अन् पाय टेकून या!”